उगवतीचं दार

अमरावतीला कॅम्पाच्या अंगाला जे दगडी चर्च आहे, त्याच्या मिस्त्रीला तिथल्या पहिल्या पाद्रीसाहेबाने फसवलं. त्या कामात पाद्रीसाहेबाला एकाची मदत झाली. तो कोण, तेही मी सांगणार आहे. पण आधी पाद्रीसाहेबाचं, कारण छापील कागद त्याच्या नावाचा निघाला आहे, दुसऱ्याच्या नाही.

चर्चला अठरा वर्षं झाली म्हणून आताच्या पाद्रीने गेल्या महिन्यात मंडप घातला. गावातली चार बरी माणसं बोलावली, मलाही खुर्ची होती. चर्चची हकीकत मराठीत छापून वाटली आणि एका मास्तराने ती मोठ्याने वाचली. तीत असं आहे: ‘द्वार पश्चिमेस न ठेवता, या देशातील देवालयांप्रमाणे पूर्वेस ठेवावे, म्हणजे येथील लोकांस हे स्थान परके वाटणार नाही, असा थोर विचार आमच्या पहिल्या गुरूंनी पाया घालण्यापूर्वीच केला होता.’ लोकांनी माना डोलावल्या. माझा स्वभाव सगळ्या कापूसबाजाराला ठाऊक आहे. त्या दिवशी मी ओरडलो नाही, नुसता उठून चालता झालो, याचंच लोकांना नवल वाटलं.

‘पाया घालण्यापूर्वीच.’ सगळं खोटं या शब्दांत आहे. पाया घातला तेव्हा पाद्रीसाहेब अकोल्याला होते. इथे मी होतो आणि मिस्त्री होता.

मिस्त्री एलिचपूरचा, जातीचा पाथरवट. वय साठीच्या आसपास, अंगाने काटकुळा, डाव्या कानाची पाळी दगडाच्या चुऱ्याने कायमची पांढरी. ती पांढरी का, हे त्याला काम करताना बघितल्याशिवाय कळत नसे. खाणीतून दगड आला की तो आधी हातोडीने त्यावर हलकेच टिचकी मारायचा आणि कान लावायचा. दगड वाजला तर म्हणायचा, ‘बोलते.’ नाही वाजला तर म्हणायचा, ‘मुका हाये’, आणि बाजूला सारायचा. मुका दगड म्हणजे आत कुठेतरी तडा. वरून कितीही देखणा असला तरी त्याने तो भिंतीत घेतला नाही.

त्या काळात दगड आणणं म्हणजे काय होतं, ते आजच्या पोरांना सांगून पटणार नाही. अमेरिकेत लढाई पेटली होती आणि वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या मोलाने जात होता. ज्याच्या दारात बैलजोडी तो कापसावर. गाडीवान मिळेना, मजूर मिळेना. अकोल्याकडे आगगाडीचा रस्ता पडत होता, तिथला कंत्राटदार दिसेल त्या गवंड्याला उचलून नेत होता. मी चुनखडीच्या गाड्या हाकत वर आलेला माणूस. मला एवढं कळलं की कापूस टाकून आलेल्या गाड्या रिकाम्या परततात. त्याच गाड्या मी खाणीवरून वळवल्या, आणि चर्चचा दगड, चुना, माणसं, सगळं काम माझ्याकडे घेतलं.

अशा दिवसांत एकदा तीन गाड्या दगड आला, आणि मिस्त्रीने त्यातला अर्धा मुका ठरवला. मी तिथेच, गाडीवानांसमोर त्याच्यावर तुटून पडलो.

‘मिस्त्री, तुमी दगड पाह्यता का नवरी पाह्यता?’

‘नवरी मुकी असली तं चालते भाऊ,’ तो म्हणाला, ‘भांडण होत नाई. भिंत मुकी चालत नाई.’

गाडीवान हसले. मी आणखी चिडलो. दगड परत गेला.

तो मला भाऊ म्हणायचा, मी वयाने त्याच्या मुलासारखा असूनही. शेठ कधी म्हणाला नाही. मला ते तेव्हा लागायचं.

आगगाडीच्या कंत्राटदाराचा माणूस त्याला न्यायला दोनदा आला. पुलाचं काम होतं, मजुरी इथल्यापेक्षा पुष्कळ जास्त. मिस्त्री भाकर खात होता. जेवताना तो नेहमी कामाकडे पाठ करून बसायचा. म्हणायचा, काम पाहात जेवलं तर नजर भरते, पोट भरत नाही. तसाच पाठमोरा बसून त्याने त्या माणसाला विचारलं, ‘पुलाले आत असते का?’

‘आत म्हंजे?’

‘आत. जाऊन बसाले.’

‘पुलाच्या आत कायले जाऊन बसा लागते?’

‘मंग मी नाई येत. म्या जलमभर आत असलेलंच बांधलं.’

तो माणूस मला म्हणाला, तुमचा मिस्त्री येडा आहे. मी म्हणालो, येडा आहे पण माझा आहे. हे मी मिस्त्रीच्या देखत म्हणालो होतो. मला ते आता आठवतं.

त्याच्या दोन सवयी सांगितल्या पाहिजेत, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे.

पहिली सवय दिशेची. जागेवर दोरी ताणण्याआधी तो तीन दिवस नुसता जागा बघायचा. मैदानात एक खुंटी ठोकायची, भोवती दोरीने गोल काढायचा, आणि सकाळी व दुपारनंतर खुंटीची सावली त्या गोलाला कुठे शिवते तिथे खडे ठेवायचे. त्या खड्यांवरून तो उगवत आणि मावळत काढायचा. सूर्य ऋतूप्रमाणे सरकतो, खुंटी सरकत नाही, असं त्याचं म्हणणं. मला घाई असायची. मी म्हणायचो, उगवत कोणीकडे ते तान्ह्या पोरालाही ठाऊक आहे. तो म्हणायचा, ‘पोराले उगवत ठाऊक हाये, भिंतीले सांगा लागते.’ इतका दिशेचा काटेकोर माणूस मी पुढे पाहिला नाही.

दुसरी सवय पणतीची. प्रत्येक इमारतीत तो एका दगडाच्या खालच्या अंगावर टाकीने बोटभर पणती कोरायचा आणि मग तो दगड पालथा बसवायचा. एकदा बसला की ती पणती कोणाला दिसायची नाही. महादेवाच्या देवळात कोरली, एलिचपूरच्या एका दर्ग्याची भिंत दुरुस्त केली तिथेही कोरली. चर्चचा उंबरठा बसवताना मी तिथे उभा होतो. त्याने दगड उलथा करून मला दाखवला. पणती, तिची वात, आणि पणतीखाली आणखी एक खूण.

‘कोणाले दिसन हे?’ मी विचारलं.

‘ज्याले पाह्याचं त्याले खालूनबी दिसते,’ तो म्हणाला, आणि दगड पालथा केला.

आता तो दिवस.

पाद्रीसाहेब थंडीच्या सुरुवातीला अकोल्याला गेले, आगगाडीच्या रस्त्यावरच्या लोकांत त्यांचं काही काम होतं. जाताना चर्चचा नकाशा माझ्या हातात दिला आणि काम सुरू करा म्हणाले. मला मोडी येते, हिशेब तोंडी येतो. नकाशा मी जन्मात पाहिला नव्हता. तसं सांगायला जीभ उचलली नाही. मी कागदावर मान डोलावली, साहेबही समाधानाने गेले.

मिस्त्रीने तीन दिवस सावल्या मोजल्या. चौथ्या दिवशी तो काम सोडून कापूसबाजारात आला. हा माणूस काम सोडून कुठे जात नसे, म्हणून मला तेव्हाच उमगायला हवं होतं.

गाड्यांबरोबर मी तेव्हा कापसाचे सौदेही करायचो, आणि आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि त्याखाली बोटं धरून, दाबून भाव ठरवायचा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कोणाला कळत नाही. पण मधेच हात काढला की सौदा मोडला. माझा हात रुमालाखाली होता आणि समोर खामगावचा एक तिखट व्यापारी होता.

‘भाऊ, एक इचारू?’ मिस्त्री म्हणाला.

‘मंग.’

‘मंग नाई. दोरी ताणून आलो. साहेबाचा देव कोणीकडे पाह्यते?’

भोवतालचे लोक हसायला लागले. एकजण म्हणाला, ‘लिवरपूलकडे, कापूस जाते तिकडे! आजकाल सगळेच देव तिकडेच पाहून राहिले!’

मिस्त्री हसला नाही. ‘आपल्या देवाचं तोंड उगवतीले, तं दार उगवतीले. मुसलमान मावळतीकडे तोंड करून निमाज पढते, तं मशिदीचं दार उगवतीले. या साहेबलोकायचं कसं असते मले ठाऊक नाई. कागदात पाहा.’

त्याने कागद माझ्यापुढे धरला. माझा एक हात अडकलेला. कागदाच्या एका टोकाला दार होतं, दुसऱ्या टोकाला पायऱ्यांसारखं काही, आणि कोपऱ्यात एक बाण. समोरचा व्यापारी माझं बोट दाबून उत्तराची वाट बघत होता.

‘देव तो देव,’ मी म्हणालो. ‘उगवतीलेच पाह्यते. दार उगवतीले ठेवा.’

‘हा बाण कायचा हाये?’

‘मिस्त्री, मले शिकवता का? कागद म्या वाचला हाये.’

‘वाचला असन तं झालं. पण साहेबाले अकोल्याले चिठ्ठी धाडली तं? आठ दिवस थांबतो मी.’

‘थांबसान तं मजूर आगगाडीवर पळतीन. जा!’

तो गेला. सौदा माझ्या मनासारखा झाला. त्या संध्याकाळी मी स्वतःवर फार खूश होतो.

पाद्रीसाहेब परतले तेव्हा भिंती कमरेइतक्या आल्या होत्या, उंबरठा बसला होता, दाराच्या दोन्ही बाजू उभ्या राहत होत्या. साहेब टांग्यातून उतरले, एकदा सगळ्या भिंतींभोवती फिरले, खिशातून होकायंत्र काढून तळहातावर धरलं. त्यांच्या रिवाजाने वेदी उगवतीला आणि दार मावळतीला, म्हणजे प्रार्थना करणाऱ्याचं तोंड उगवतीकडे येतं. इथे सगळं उलटं झालं होतं; कागदातला बाण उत्तर दाखवायला होता, हे मला तेव्हा कळलं. साहेबांचं मराठी पोथीतलं, रागातही पोथीतलंच राहिलं.

‘हे द्वार येथे कोणाच्या आज्ञेने झाले?’

साहेब माझ्याकडे बघत होते. पुढचं सगळं काम माझ्या हातून जाणार, हे मला दिसत होतं.

‘मिस्त्रीच्या,’ मी म्हणालो.

एवढा एक शब्द. मदत कोणाची झाली, ते आता वाचणाऱ्याला कळलं असेल.

मिस्त्रीने टाकी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. दगडावर टिचकी मारून कान लावताना तो जसा थांबायचा, तसा थांबला होता. त्याला माझ्याकडून काही ऐकू येतं का, ते तो बघत होता. काही ऐकू आलं नाही.

मग साहेबांकडे वळून म्हणाला, ‘हाव साहेब. दगड म्या ठेवला.’

पुढे पुष्कळदा मी हे वाक्य आठवून पाहिलं आहे. त्यात एक अक्षर खोटं नाही. दगड त्यानेच ठेवला होता. तो नेहमी म्हणायचा की दगडाला ज्याचा हात लागला, दोष त्याचा. मला वाटायचं, हे तो मजुरांना धाकात ठेवायला म्हणतो.

साहेबांनी त्याला तिथल्या तिथे काढलं. ‘ज्यास दिशा कळत नाही त्याने देवाचे घर बांधू नये,’ असं म्हणाले, सगळ्या मजुरांपुढे. मिस्त्रीने हत्यारं धुतली, फडक्यात बांधली. भिंती कमरेइतक्याच होत्या, दाराच्या जागी उंबरठा आणि दोन अर्धवट बाजू होत्या, पण तो उंबरठा ओलांडून बाहेर गेला नाही. आतून मागच्या मोकळ्या अंगाला गेला आणि तिकडून वळसा घालून रस्त्याला लागला. वहाणा हातात होत्या. अपुऱ्या उंबरठ्यावरून तो कधीच जात नसे.

भिंती पाडल्या नाहीत. पाडायला माणसं कुठून आणणार? दुसरा मिस्त्री आला, त्याने चर्च पुरं केलं. काम माझ्याकडेच राहिलं.

चर्च उघडलं त्या सकाळी मुंबईहून त्यांचा वरचा पाद्री आला होता. दार उघडलं आणि ऊन सरळ आत गेलं, थेट वेदीच्या पायऱ्यांपर्यंत. लोकांच्या तोंडून आवाज निघाला. वरच्या पाद्रीने काही विचारलं. आमच्या साहेबांनी उत्तर दिलं, आणि दुभाष्याने ते आम्हाला सांगितलं: दार उगवतीला साहेबांनी मुद्दाम ठेवलं, या देशाचा मान म्हणून.

मी तिथेच उभा होतो. पाद्रीसाहेब लबाड माणूस नव्हता. चुन्यात वाळू जास्त पडली तर ओळखायचा, आणि मजुराला ताप आला तर स्वतः औषध घेऊन जायचा. एवढं एकच खोटं तो माझ्या देखत बोलला, आणि मला त्याचा आनंद झाला. चूक होती ती शोभा झाली, म्हणजे आता मला कोणी काही विचारणार नव्हतं. एलिचपूर बैलगाडीने दोन दिवसांवर. तिथे एक निरोप धाडावा, असं मला सुचलंही नाही.

निरोप गेला नाही, पण गोष्ट गेली. सागवानाच्या गाड्या परतवाड्याहून इकडे यायच्या आणि इथली बातमी घेऊन जायच्या. एलिचपूरजवळच्या एका गावाने महादेवाच्या शिखराचं काम मिस्त्रीसाठी राखून ठेवलं होतं. त्यांनी दुसरा माणूस पाहिला. ज्याला उगवत-मावळत कळत नाही, त्याच्या हातात देवाचं शिखर कोण देईल?

लढाई संपली, कापूस कोसळला, गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा ठोकण्याच्या गोष्टी करणारे लोक तोंड लपवून हिंडायला लागले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी एका कामासाठी मी अकोल्याला गेलो होतो. भर दुपारी एका गल्लीत हाक ऐकली: ‘जातं टाकवा, पाटा टाकवा!’ घासून गुळगुळीत झालेल्या पाट्याला पुन्हा टोचे मारून देणारे दारोदार फिरतात, त्यांची हाक. एका ओट्याखाली मिस्त्री कोणाचा तरी पाटा मांडीशी घेऊन बसला होता. देवळं बांधणारा माणूस. कानाची पाळी तशीच पांढरी.

मी समोर उभा राहिलो. त्याने मान वर केली.

‘भाऊ, बरे हा?’

‘मिस्त्री, तुमी इथं काहून?’

‘एलिचपुरात काम नाई भेटलं. अन् पोट्टे मागं लागत. इचारत, मिस्त्री, उगवत कोणीकडे हो? एक दिवस सांगतलं, दोन दिवस सांगतलं. मंग आलो इकडं.’ त्याने पाट्यावर दोन टोचे मारले. ‘दार कोणीकडे हाये आता?’

‘उगवतीलेच. साहेबानं मोडलं नाई.’

‘नाई मोडलं?’

‘नाई. उलट लोकायले सांगते का म्याच ठेवलं. पह्यलेच ठरवलं होतं म्हणते.’

मिस्त्री हसला. इतक्या दिवसांच्या ओळखीत त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग हसता हसता थांबला आणि खराच विचारात पडल्यासारखा म्हणाला, ‘मंग चूक कोणाचीच नव्हती तं. मंग मले काहून हाकललं?’

मी बाजारात कोणाच्याही तोंडाला तोंड देणारा माणूस. तिथे मी प्रश्नाला बगल दिली. मी म्हणालो, चला अमरावतीला, मी सगळ्यांना सांगतो.

‘काय सांगसान?’

तो वाट बघत होता, पुन्हा तसाच, टिचकी मारून कान लावल्यासारखा. मग त्याने पाटा फिरवून घेतला.

‘जा भाऊ. बाईचं वाटण खोळंबलं हाये.’

दोन वर्षांनी पुन्हा अकोल्याला गेलो, तेव्हा त्याच्या टाक्यांना धार लावून देणाऱ्या लोहाराने सांगितलं की मिस्त्री गेला. शेवटपर्यंत त्याने लोहाराला अमरावतीबद्दल काही सांगितलं नव्हतं. लोहाराला तो फक्त पाटे टाकवणारा म्हणूनच ठाऊक होता.

म्हणून हे लिहितो आहे. माझा जबाब मी वर दिला. रुमालाखाली हात होता, कागद वाचता येत नव्हता, भ्यालो, आणि एका शब्दाने एका माणसाचं नाव घालवलं. ज्याला मला जे म्हणायचं असेल त्याने माझ्या दारी येऊन म्हणावं, मी त्या दिवशी भांडणार नाही.

पण आताच्या पाद्रीसाहेबांना माझं सांगणं आहे. तुमचे पहिले गुरू विलायतेत अजून आहेत असं ऐकतो. पत्र जातं, उत्तर येतं. दाराचा विचार पाया घालण्यापूर्वीच त्यांचा होता ना? मग उंबरठ्याच्या दगडाच्या पालथ्या अंगावर पणतीखाली दुसरी खूण कोणती आहे, ते त्यांनी लिहून धाडावं. मी पाहिली आहे. ती मी इथे लिहिलेली नाही आणि कोणाला सांगितलेली नाही. त्यांचं उत्तर आलं की सगळ्यांसमोर दगड उचला. दाराला धक्का लागेल म्हणून उचलायचा नसेल, तर माझ्या शब्दावर तो छापील कागद मागे घ्या आणि दुसरा छापा. त्यात लिहा की हे दार एलिचपूरच्या मिस्त्रीने तीन दिवस सावल्या मोजून उगवतीला बसवलं.

हे दोन्ही जमत नसेल तर एवढंच करा. पत्रात त्यांना मिस्त्रीचा प्रश्न विचारा, त्याने विचारला तसाच. दार जर तुमच्याच मनातलं होतं, तर ते बसवणाऱ्याला का हाकललं? अकोल्याच्या गल्लीत मला त्याचं उत्तर देता आलं नाही. ते देणं त्यांचं आहे, आणि ते येईपर्यंत दर रविवारी, तुमचं दार उघडतं त्या वेळी, मी समोरच्या रस्त्यावर उभा असेन.